झारशाही आठ दिवसांत पडली की छप्पन्न वर्षांत?

मुक्कामपोस्ट

रशियातल्या राजेशाहीचा विषय निघाला की आपल्याकडे गोष्ट दोन माणसांवर येऊन थांबते. रासपुतिन नावाच्या साधूने राणीला भुरळ घातली आणि लेनिनने गादी उलथवली. पण झार पडला तेव्हा लेनिन झुरिकमध्ये होता, ट्रॉट्स्की न्यूयॉर्कमध्ये आणि स्टालिन सैबेरियात हद्दपारी भोगत होता. रासपुतिनला तर दोन महिने आधीच मारून नदीत टाकलं होतं.

२३ फेब्रुवारी १९१७ ला पेट्रोग्राडमध्ये (तेव्हाची राजधानी, आजचं सेंट पीटर्सबर्ग) बायका पावासाठी रस्त्यावर उतरल्या आणि २ मार्चला झार निकोलसने राजीनाम्यावर सही केली. ३०४ वर्षांचं रोमानोव्ह घराणं आठ दिवसांत गेलं. (तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या आहेत, आपल्या कॅलेंडरसाठी १३ दिवस मिळवा. म्हणूनच फेब्रुवारी क्रांती मार्चमध्ये झाली असं वाचायला मिळतं.)

माझं मत असं की हे पडणं १८६१ पासून सुरू होतं. पण मग एक प्रश्न सुटत नाही. असंतोष इतका जुना आणि इतका खोल होता, तर १९०५ मध्ये सगळा देश पेटूनही गादी वाचली कशी? आणि तीच १९१७ मध्ये का वाचली नाही? जाणकारांनी लिहावं.

वरणफळ

वाचतेय. शाळेच्या पुस्तकात हा धडा दीड पानात संपला होता आणि त्यातलं अर्धं पान रासपुतिनचा फोटो होता.

पंतोजी

मुक्कामपोस्टराव, १८६१ पासून सुरुवात केलीत ते बरं झालं. झार अलेक्झांडर दुसरा याने भूदासांना (जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांना) मोकळं केलं, पण जमीन फुकट दिली नाही. सरकारने जमीनदारांना मोबदला आधी चुकता केला आणि तो शेतकऱ्यांकडून सहा टक्क्यांनी, ४९ वर्षांच्या हप्त्यांत वसूल करायचं ठरवलं. हप्त्याला जबाबदार अख्खं गाव. त्यामुळे एकाने गाव सोडलं की बाकीच्यांवर बोजा, म्हणून गावाच्या मंडळीला विचारल्याशिवाय बाहेर पडणं मुश्कील. शिवाय कित्येक ठिकाणी आधी कसत असलेल्या जमिनीतला चांगला तुकडा, कुरण, पाणवठा जमीनदाराने स्वतःकडेच ठेवला.

शेतकऱ्याचा हिशेब सरळ होता. जमीन कसणाऱ्याची. मग आपल्याच जमिनीचे हप्ते आपण का भरायचे?

त्यात माणसं वाढत गेली आणि वाट्याची जमीन आक्रसत गेली. १८९७ च्या शिरगणतीत साम्राज्याची लोकसंख्या साडेबारा कोटींच्या घरात होती आणि त्यातले बहुसंख्य शेतकरी. १८९१-९२ च्या दुष्काळात व्होल्गाच्या पट्ट्यात भूक आणि कॉलऱ्याने सुमारे चार लाख माणसं गेली. सरकार आधी दुष्काळ मान्यच करेना. मदतीला धावले ते जिल्ह्याजिल्ह्यांतल्या स्थानिक मंडळांचे लोक, डॉक्टर, विद्यार्थी. म्हणजे शहरातल्या शिकलेल्यांना खेडं पहिल्यांदा जवळून दिसलं, आणि सरकारवाचून आपण काम करू शकतो हेही कळलं. माझ्या मते हा दुष्काळ झारशाहीला क्रांतिकारकांच्या बॉम्बपेक्षा महागात पडला.

तरीही लक्षात घ्या, सामान्य शेतकऱ्याचा राग झारावर नव्हता. झार बापासारखा, त्याला खरं काही कळू देत नाहीत, नासके ते अधिकारी आणि जमीनदार, ही समजूत खोलवर होती. १९०५ पर्यंत गादीची खरी तटबंदी हीच.

उंटावरून

आणि ती तटबंदी खुद्द मालकानेच पाडली. १८९५ च्या जानेवारीत स्थानिक मंडळांचे प्रतिनिधी नव्या झाराचं, म्हणजे निकोलसचं, अभिनंदन करायला गेले. राज्यकारभारात आम्हालाही थोडं विचारा, एवढीच त्यांची आशा. साहेबांनी सांगितलं, ही अर्थहीन स्वप्नं आहेत. पुढच्या वर्षी राज्याभिषेकाच्या वेळी खोडिंका मैदानावर भेटवस्तूंसाठी चेंगराचेंगरी होऊन १,३८९ माणसं मेली, आणि त्याच रात्री हे फ्रेंच राजदूताच्या नाचाच्या समारंभाला हजर. मंत्र्यांच्या आणि काकालोकांच्या आग्रहाखातर गेले म्हणे. लोकांना आग्रह दिसत नाही, नाच दिसतो.

इतका सज्जन, कुटुंबवत्सल आणि राज्य करायला नालायक माणूस शोधून सापडणार नाही.

सदाफुली

उंटावरून, तुम्ही पोलिसांचं विसरलात. रशियन गुप्त पोलिसांवर एक स्वतंत्र विनोदी धागा निघेल. मंत्र्यांचे खून पाडणाऱ्या समाजवादी-क्रांतिकारक पक्षाच्या लढाऊ गटाचा प्रमुख अझेफ हा पोलिसांचा पगारी खबऱ्या. त्याच्याच कारकिर्दीत १९०४ मध्ये गृहमंत्री प्लेव्हे बॉम्बने उडाला, म्हणजे पोलिसांच्या माणसाने पोलिसांचाच साहेब उडवला. १९११ मध्ये पंतप्रधान स्टॉलिपिनला कीव्हच्या नाट्यगृहात गोळी घालणारा बोग्रोव्हही खबऱ्याच, आणि त्याला आत जायचं तिकीट पोलिसांनीच दिलेलं!

चाळिशीचा_चष्मा

सगळ्यांचा आदर राखून असहमती नोंदवतो. हे शेवट ठाऊक असल्यामुळे सुचलेलं शहाणपण आहे. असंतोष कुठल्या साम्राज्यात नव्हता? ऑस्ट्रियात होता, तुर्कस्तानात होता. रशियात १९०७ ते १९११ संप ओसरले होते. स्टॉलिपिनने १९०६ पासून शेतकऱ्याला गावाच्या सामाईक बंधनातून बाहेर पडून स्वतःच्या नावावर जमीन करायची मुभा दिली होती. मला वीस वर्षं शांतता द्या, रशिया ओळखू येणार नाही, असं तो म्हणत असे. कारखाने वाढत होते, महायुद्धाआधीची काही पिकंही चांगली आली होती.

मग १९१४ आलं. सुमारे दीड कोटी माणसं गणवेशात गेली. १९१५ च्या माघारीत पोलंड गेला, निर्वासितांचे लोंढे शहरांत आले. त्यात युद्ध सुरू होताच दारूबंदी. सरकारी तिजोरीचा मोठा भाग व्होडकातून येत होता, तो एका फटक्यात बंद, मग नोटा छापा. पैसा फुगला, भाव चढले, रेल्वे कोलमडली. कुठलीही राजवट यात मेली असती. खुद्द लेनिन जानेवारी १९१७ मध्ये झुरिकच्या तरुणांपुढे म्हणाला होता की आमच्या पिढीला निर्णायक लढाई बघायला मिळेलच असं नाही. त्याला दिसत नव्हतं ते आपल्याला छप्पन्न वर्षं आधीपासून दिसतंय!

गिरणगावकर

चष्मेवाले, १९०७-११ चं सांगितलंत आणि नेमके पुढे थांबलात. एप्रिल १९१२ मध्ये सैबेरियात लेना नदीकाठच्या सोन्याच्या खाणींत कामगारांनी संप केला. निमित्त काय, तर कंपनीच्या दुकानातलं सडकं मांस. सैन्याने निःशस्त्र जमावावर गोळ्या घातल्या, दीडशेच्या वर माणसं मेली. गृहमंत्री मकारोव्ह ड्यूमात (रशियाच्या संसदेत) उभा राहून म्हणाला, असंच होत आलं आहे आणि पुढेही असंच होणार. त्यानंतर संपांची लाट आली ती थेट जुलै १९१४ पर्यंत. फ्रान्सचे अध्यक्ष राजधानीत पाहुणे आले असताना व्हिबोर्ग भागात कामगार ट्रामगाड्या उलटवून अडथळे उभे करत होते. तेव्हा युद्ध सुरू झालेलं नव्हतं. उलट युद्धाने तो उठाव दोन-अडीच वर्षं पुढे ढकलला असं म्हणता येईल.

कारखान्यांचं गणितही बघा. विट्टे अर्थमंत्री असताना परदेशी भांडवल आणून मोठमोठे कारखाने थोड्याच शहरांत उभे राहिले. हजारो कामगार एका फाटकातून आत जातात आणि संध्याकाळी बराकीत एकत्र झोपतात, तिथे बातमी पसरायला छापखाना लागत नाही. पुतिलोव्ह कारखान्यातून चार कामगार काढले त्यातून १९०५ चा संप पेटला. १९१७ मध्ये पुन्हा पुतिलोव्हच्याच फाटकाला २२ फेब्रुवारीला टाळं लागलं.

अवांतर: जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद होत्या. लेनिनने त्याच वर्षी एका लेखात या संपाची दखल घेतली होती. दुसऱ्या बाजूने सेनापती बापटांनी पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब बनवायची पुस्तिका मिळवली. तेव्हा रशियातल्या घडामोडींकडे इथे लोक डोळे लावून बसले होते, हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

झणझणीत

हे सगळं वाचून आपल्याकडच्या एका नेत्याची आठवण येते. नाव घेत नाही, सुज्ञांस सांगणे न लगे...

संपादक मंडळ

नाव घेतलं नाहीत हे उत्तम. पुढेही घेऊ नका. प्रतिसाद झारापुरते ठेवा.

हेलसिंकीकर

मी कामानिमित्त फिनलंडमध्ये राहतो, म्हणून एक बाजू जोडतो. वर सगळे फक्त रशियन शेतकरी-कामगार धरून बोलत आहेत. साम्राज्यात निम्म्याहून जास्त लोक रशियनच नव्हते. इथे १८९९ मध्ये निकोलसने फिनलंडची स्वायत्तता आवळायला घेतली. हेलसिंकीच्या सिनेट चौकात अलेक्झांडर दुसऱ्याचा पुतळा आहे. फिनलंडला सवलती देणारा झार म्हणून लोक मुद्दाम त्या पुतळ्यापाशी फुलं ठेवायचे. आजोबाला हार आणि नातवाला टोला! अटक कशाबद्दल करणार? पुढे १९०४ मध्ये गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्हला गोळी घातली गेली. पुतळा अजून जागेवर आहे, कुणी इकडे आलात तर दाखवतो.

तीच गत पोलंडची, बाल्टिकची, कॉकेशसची. १९०३ मध्ये किशिनेव्हला ज्यूंची कत्तल झाली. १९१६ मध्ये मध्य आशियातल्या मुस्लिम प्रजेला युद्धाच्या मजुरीसाठी जबरदस्तीने भरती करायला गेले तर तिथे मोठा उठाव झाला आणि तो फार क्रूरपणे चिरडला. गंमत म्हणजे हेच फिनलंड नंतर रशियन क्रांतिकारकांना लपायला सोयीचं पडलं.

वरणफळ

फुलांची आयडिया भारी आहे. _/\_

निशिगंध

आता त्या आठ दिवसांबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मीच लिहिते. "बायका पावासाठी रस्त्यावर उतरल्या" हे वाक्य फार स्वस्तात वापरलं जातं. २३ फेब्रुवारीला आंतरराष्ट्रीय महिला दिन होता. बोल्शेविकांच्या (लेनिनच्या पक्षाच्या) स्थानिक कार्यकर्त्यांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं की आता संप नको, वेळ आलेली नाही. व्हिबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांतल्या बायकांनी ते ऐकलं नाही. त्या बाहेर पडल्या, शेजारच्या धातूच्या कारखान्यांच्या खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारून पुरुषांना बाहेर काढलं. त्यातल्या कितीतरी जणींचे नवरे आघाडीवर होते.

धान्य देशात नव्हतं असंही नाही. सरकारने भाव बांधून दिले होते, शहरातून खेड्यात जायला माल नव्हता, मग शेतकरी धान्य विकून करणार काय? त्याने ते घरात ठेवलं. जे निघालं ते आणायला वॅगन नाहीत, इंजिनं थंडीने बंद. त्यात रेशनकार्ड येणार अशी बोलवा उठली आणि बेकऱ्यांपुढे रांगा लागल्या.

२५ तारखेला संपावर दोन लाखांहून जास्त लोक होते. झ्नामेन्स्काया चौकात एका पोलीस अधिकाऱ्याला जमावाने नाही, कोसॅकांनी (झाराच्या घोडेस्वारांनी) मारलं. ज्यांच्या चाबकाला लोक पिढ्यान्‌पिढ्या घाबरत आले ते कोसॅक! २६ ला झाराच्या हुकमाने गोळीबार झाला, माणसं पडली. गोळ्या घालणाऱ्यांत वोलिन्स्की रेजिमेंटची प्रशिक्षणाची तुकडी होती. ती रात्री बराकीत परतली, पोरांनी आपसात ठरवलं की उद्या गोळी चालवायची नाही, आणि २७ ला सकाळी त्यांनी आपल्याच अधिकाऱ्याला ठार केलं. त्यांचा सार्जंट किरपिच्निकोव्ह. संध्याकाळपर्यंत राजधानीतली निम्मी फौज रस्त्यावर लोकांच्या बाजूने होती.

शेवटचा_डबा

रेल्वेचा विषय निघाला आहे तर हजेरी लावतोच. :)

झार तेव्हा मोगिलेव्हला लष्करी मुख्यालयात. २८ ला पहाटे गाडीने राजधानीकडे निघाला. सैन्याच्या गाड्यांना सरळ मार्ग मोकळा राहावा म्हणून स्वतः लांबच्या वळणाने. तोवर ड्यूमाच्या वतीने बुब्लिकोव्ह नावाच्या सभासदाने रेल्वे मंत्रालय ताब्यात घेऊन तारयंत्रावरून देशभरच्या स्टेशनांना सत्ता बदलल्याचं कळवून टाकलं. मालाया विशेरा स्टेशनात झाराला सांगितलं गेलं की पुढची स्टेशनं बंडखोरांच्या हातात आहेत. गाडी मागे वळली आणि १ मार्चला संध्याकाळी प्स्कोव्हला पोचली. ज्या दोन दिवसांत राज्य वाचवायचं ते दोन दिवस राजा स्टेशनं मोजत होता. तिकडे राजधानी चिरडायला पाठवलेला जनरल इव्हानोव्ह राजधानीजवळच्या त्सारस्कोये सेलोपर्यंत गेला आणि काही न करता परतला.

उंटावरून

आणि त्याआधी ड्यूमाचा अध्यक्ष रोद्झ्यांको तारेवर तार करत होता की राजधानीत अराजक आहे, लगेच विश्वासातलं सरकार नेमा. महाराज म्हणाले, त्या लठ्ठ्याने पुन्हा काहीतरी बरळलंय, मी उत्तरही देणार नाही. १९१६ या एका सालात चार पंतप्रधान बदललेल्या माणसाला पाचवा नेमायचा कंटाळा आला असावा.

चाळिशीचा_चष्मा

म्हणजे रेल्वे, धान्य, भरती झालेली पोरं. पुन्हा सगळं युद्धच ना? मी माझ्या मुद्द्यावर ठाम.

मुक्कामपोस्ट

प्रतिसादांबद्दल सगळ्यांचे आभार. चष्मेसाहेब, युद्ध होतंच हो, पण १९०५ मध्येही युद्ध होतं. जपानने पोर्ट आर्थरचा रशियन आरमारी तळ घेतला, मे महिन्यात त्सुशिमाला आरमार बुडवलं. देशात ९ जानेवारीला फादर गॅपॉनच्या मागे झाराच्या तसबिरी घेऊन गेलेल्या लोकांवर गोळ्या घातल्या गेल्या (पंतोजींची ती बापाची समजूत त्या दिवशी फुटली), पोटेमकिन युद्धनौकेवर बंड झालं, ऑक्टोबरात सार्वत्रिक संपाने रेल्वेसुद्धा थांबली. वाचला कसा?

मला वर आलेल्या प्रतिसादांवरून चार गोष्टी दिसतात. ऑगस्टमध्ये पोर्टस्मथला तह करून युद्ध संपवलं. १७ ऑक्टोबरच्या जाहीरनाम्याने संसद कबूल केली, त्यावर पांढरपेशे बरेचसे घरी गेले आणि कामगार एकटे पडले. डिसेंबरात मॉस्कोचा उठाव मोडायला सेम्योनोव्स्की गार्ड रेजिमेंट पाठवली, तिने तोफा डागल्या आणि हुकूम पाळला. आणि एप्रिल १९०६ मध्ये फ्रान्सकडून सव्वादोन अब्ज फ्रँकचं कर्ज मिळालं, पहिली ड्यूमा भरायच्या काही दिवस आधी. म्हणजे नव्या संसदेच्या हातात पैशाची चावीसुद्धा राहिली नाही. ७२ दिवसांत ती ड्यूमा बरखास्त. गावोगावच्या उठावांसाठी स्टॉलिपिनची फिरती लष्करी न्यायालयं होती, आठ महिन्यांत हजारावर माणसं फासावर गेली. फासाच्या दोराला लोक स्टॉलिपिनचा नेकटाय म्हणू लागले.

१९१७ पर्यंत यातलं काय उरलं होतं? जुने गार्ड्स पहिल्या वर्ष-दीड वर्षात आघाडीवर कापले गेले. राजधानीच्या बराकींत होते ते नुकते पकडून आणलेले शेतकरी, म्हणजे त्याच ४९ वर्षांच्या हप्त्यांवाल्यांची पोरं. जाहीरनाम्यातली वचनं १९०७ मध्ये निवडणूक कायदा बदलून परत घेतलेली, त्यामुळे नव्या वचनावर कुणाचा विश्वास बसणार? ऑगस्ट १९१५ मध्ये ड्यूमातल्या बहुमताने, उजव्या बाजूच्या अनेकांसकट, आघाडी करून लोकांच्या विश्वासातलं मंत्रिमंडळ मागितलं. झाराने नकार दिला आणि स्वतः सरसेनापती होऊन मोगिलेव्हला गेला. रासपुतिनला मारणारे कोण होते बघा: झाराचा चुलतभाऊ दिमित्री, भाचजावई युसुपोव्ह आणि कट्टर राजनिष्ठ पुरिश्केविच. गादी वाचवायला जी माणसं उभी राहायची तीच गादीजवळच्या माणसाला मारत होती.

असंतोषाने थेट गादी पाडली नाही, हे मला आता पटतंय. त्याने पन्नास वर्षं एकेक टेकू काढला.

पंतोजी

शेवटचा टेकू सेनापतींचा. २ मार्चला मुख्यालयातल्या अलेक्सेयेव्हने (झाराच्या लष्करप्रमुखाने) सगळ्या आघाड्यांच्या प्रमुखांना तारेने विचारलं, झाराने पायउतार व्हावं का? आलेली उत्तरं: व्हावं. त्यात झाराचा चुलत काका ग्रँड ड्यूक निकोलाय निकोलायेविचही होता, गुडघे टेकून विनवतो म्हणाला. १९०५ मध्ये याच काकाने जाहीरनाम्यावर सही करा म्हणून पुतण्याला भाग पाडलं होतं. प्स्कोव्हला उत्तर आघाडीचा प्रमुख रूझ्स्की याने त्या तारा झारापुढे ठेवल्या. ड्यूमाची माणसं, गुच्कोव्ह आणि शुल्गिन, रात्री पोचली तेव्हा निर्णय झालेला होता.

चष्मेवाल्यांसाठी: हे सेनापती क्रांतिकारक नव्हते. त्यांना युद्धच जिंकायचं होतं, आणि झार गेला तर ते जास्त बरं लढता येईल असं त्यांना वाटलं.

चाळिशीचा_चष्मा

हे मात्र माझ्याच बाजूचं बोललात, पंतोजी. धन्यवाद. :)

गिरणगावकर

बसा आता दोघं चहा पीत.

वरणफळ

एक बाळबोध शंका. निकोलसने आपल्यासाठी आणि आजारी मुलासाठीही गादी सोडून ती धाकट्या भावाला, मिखाईलला दिली ना? मग शेवटचा झार निकोलस कसा, मिखाईल का नाही?

पंतोजी

वरणफळताई, शंका बाळबोध नाही, यावर वकील अजून भांडतात. मुलाच्या वतीने गादी सोडायचा बापाला कायद्याने अधिकारच नव्हता असंही म्हणता येतं. मिखाईलने मात्र घोळ घातला नाही. ३ मार्चला ड्यूमाच्या मंडळींशी बोलताना त्याने रोद्झ्यांकोला बाजूला घेऊन विचारलं की माझ्या जिवाची हमी देता का. ती कुणालाच देता येईना. मग त्याने लिहून दिलं की लोकांनी निवडलेल्या घटना समितीने देऊ केली तरच गादी घेईन.

ती समिती ५ जानेवारी १९१८ ला एकदा भरली, दुसऱ्या दिवशी सभासद आले तर दारावर पहारा होता. मिखाईलला मार्च १९१८ मध्ये बोल्शेविकांनी पकडून पेर्मला हद्दपार केलं. जून १९१८ मध्ये पेर्मजवळच्या रानात नेऊन गोळ्या घातल्या, थोरल्या भावाच्या महिनाभर आधी.